बत्तीस नमुन्यांचा गठ्ठा: शिरोलीच्या फाउंड्रीतल्या एका टर्मिनलचं प्रकरण

पार्श्वभूमी

फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या बिडाच्या दोन प्रकारांचं कास्टिंग, विजेवर चालणाऱ्या दोन इंडक्शन भट्ट्या, गिऱ्हाईक बहुतेक ट्रॅक्टर आणि वाहनांच्या सुट्या भागांचं. कारखान्याचं नाव देत नाही, माणसांचे हुद्देही थोडे फिरवलेत. तांत्रिक भाग मात्र घडला तसाच ठेवलाय.

भट्टीतला धातू वितळला की पळीभर घेऊन तांब्याच्या साच्यात ओततात. गोठलेलं 'कॉइन' घासून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात आणि ठिणगी पाडून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस मोजतात. आकडे आले की मेल्टिंगवाला कार्बन इक्विव्हॅलंट काढतो, म्हणजे कार्बनमध्ये सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा मिळवतो, आणि भट्टीत काय टाकायचं ते ठरवतो. आकडे येईपर्यंत भट्टी थांबते. थांबलेली भट्टी वीज खातेच, शिवाय १४५० अंशांच्या वर धातू रेंगाळला तर भट्टीच्या अस्तरातल्या सिलिकाशी कार्बनची झटापट सुरू होते. कार्बन उतरतो, सिलिकॉन चढतो. म्हणजे मोजलेला नमुना आणि भट्टीतला धातू एकमेकांपासून दूर जायला लागतात.

स्पेक्ट्रोमीटरचा निकाल सिरियल केबलने मेल्टिंगच्या केबिनमधल्या एका पीसीवर यायचा. तिथे विंडोजचा एक काळ्या खिडकीतला प्रोग्राम चालायचा. त्याला सगळे 'रीडर' म्हणत. निकाल वाचायचा, ग्रेडच्या मर्यादेशी ताडून पाहायचा आणि प्रत्येक नमुन्यामागे पडद्यावर एक ओळ छापायची, एवढंच त्याचं काम. एखादा नमुना संशयास्पद वाटला की ऑपरेटर कीबोर्डवर 'आर' दाबायचा आणि तो नमुना फेरचाचणीत जायचा. हा प्रोग्राम लिहिणाऱ्याने केव्हाच धंदा बंद केला होता. सोर्स कोणाकडे नाही. गिऱ्हाइकाच्या ऑडिटमध्ये मात्र तोच 'मान्य' म्हणून नोंदलेला, त्यामुळे त्याला हात लावायची सोय नव्हती.

रीडर सुरू करणं, पोर्ट जुळवणं, दिवसाची फाइल सर्व्हरवर टाकणं ही कामं शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने लिहून ठेवलेल्या कमांड, करायच्या, त्याही सिगविनवर. विंडोजवर युनिक्सचे प्रोग्राम चालावेत म्हणून सिग्नस कंपनीत १९९५ मध्ये सुरू झालेला हा थर. पूर्वी इथे युनिक्सवर वाढलेला एक प्रोग्रामर होता, त्याने हौसेने सगळं त्यात बांधलं आणि तो पुण्याला गेला. स्क्रिप्ट चांगल्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यात त्याचा दोष नाही.

अडचण कशी सुरू झाली

जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्येही आलं होतं. दोन्ही वेळा कोल्हापुरात राहणारी माणसं अलीकडे आणि कारखाना पलीकडे. दुसऱ्यांदा तेच झाल्यावर मालकांनी ठरवलं की आता केबिनमधला पडदा घरबसल्या दिसला पाहिजे.

एका कंत्राटदाराने काम घेतलं. पीसीवर एसएसएचची, म्हणजे लांबून नेटवर्कवरून कमांड चालवू देणारी, सेवा बसवली, टर्मिनलचं सत्र चालू ठेवणारा टीमक्स टाकला. टीमक्सच्या एकाच सत्राला घरून आणि केबिनमधून दोघांना जोडता येतं. पडद्यावर येईल ते एका फाइलमध्येही उतरेल अशी सोय त्याने टीमक्समधूनच केली. डेस्कटॉपवरचा जुना शॉर्टकट साधी काळी खिडकी उघडायचा, तो बदलून मिंटी उघडणारा केला. मिंटी म्हणजे सिगविनचं स्वतःचं टर्मिनल. अक्षरं सुबक, खिडकी हवी तशी ओढता येते. सगळ्यांना आवडलं.

दुसऱ्या दिवसापासून पडदा गप्प.

नमुना जायचा, ओळ यायची नाही. लिंक तुटली समजून ऑपरेटर रीडर बंद करून पुन्हा चालू करायचा. पुन्हा गप्प. मग एक हेल्पर पोरगा स्पेक्ट्रोमीटरच्या खोलीतून कागदावर आकडे लिहून पळत आणायला लागला. चार दिवस कारखाना चिठ्ठीवर चालला. पाचव्या दिवशी कोणी रीडरला हात लावला नाही आणि दुपारी अचानक ओळींचा लोंढा आला. मला बोलावलं तेव्हा मेल्टिंगचे अप्पा म्हणाले, "साहेब, ह्यो पडदा येडा झालाय बघा. अर्धी पाळी गप बसतोय आन् मग एकदम बदाबदा ओततोय. आन् आर दाबलं तर ढिम्म."

पुढे ज्या वाटेने शोध लागला त्याचं मूळ अप्पांच्या या तीन वाक्यांत होतं. मी त्यातलं पहिलंच ऐकलं.

कारण शोधताना

मी आधी केबल धरली. सिरियल केबल, यूएसबीचा अडॅप्टर, पोर्टचा वेग, सगळं तपासलं. अर्धा दिवस गेला. केबल निर्दोष होती, आणि ते मला दहा मिनिटांत कळायला हवं होतं, कारण लोंढ्यात एकही नमुना गाळलेला नव्हता. केबल खराब असती तर ओळी हरवल्या असत्या, उशिरा आल्या नसत्या.

मग लोंढाच मोजला. बत्तीस पूर्ण ओळी आणि तेहतिसावी मँगनीजच्या आकड्याशी तुटलेली. एक ओळ शेवटच्या खुणेसकट १२६ अक्षरांची. बत्तीस गुणिले १२६ म्हणजे ४०३२, वर तुटक्या ओळीची ६४. एकूण ४०९६.

हा आकडा दिसला आणि केबल डोक्यातून गेली. प्रोग्रामसाठी छापायचं काम करणारी मायक्रोसॉफ्टची सी लायब्ररी, आउटपुट पाइपमध्ये (एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे मजकूर नेणाऱ्या नळीत) किंवा फाइलमध्ये जात असेल तर तेवढे बाइट साठेपर्यंत गठ्ठा धरून ठेवते. समोर कन्सोल, म्हणजे विंडोजची काळी खिडकी, असेल तर धरून ठेवत नाही. म्हणजे रीडरच्या मते समोर पडदाच नव्हता.

आणि रीडरचं बरोबर होतं. इथे जरा थांबतो, कारण प्रकरणाची गाठ इथेच आहे.

युनिक्समध्ये टर्मिनल ही एक फाइलच असते. तिचं टोक हातात आलं की 'तू टर्मिनल आहेस का' असं तिला विचारता येतं. विंडोजमध्ये कन्सोल ही वेगळीच वस्तू. एक प्रोसेस एका वेळी फार तर एकाच कन्सोलला जोडलेली असते. वाचायचं, लिहायचं ते त्या कन्सोलच्या हँडलमधून, म्हणजे विंडोजने हाती दिलेल्या टोकातून. जुन्या शॉर्टकटने उघडायची ती काळी खिडकी म्हणजे खराखुरा कन्सोल होता. सिगविनचा बॅश, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा शेल, त्यात बसायचा, त्याने सुरू केलेल्या रीडरला तोच कन्सोल वारशाने मिळायचा. ओळ छापली की पडद्यावर.

मिंटी आणि टीमक्स यांत तसं नाही. हे सिगविनचे स्यूडो टर्मिनल, म्हणजे प्रोग्रामने बनवलेली नकली टर्मिनलं, वापरतात आणि त्या काळच्या सिगविनमध्ये त्यांच्या पोटात विंडोजचे पाइप असायचे. सिगविनच्या प्रोग्रामला मधला थर सांगतो की हे टर्मिनल आहे, त्यामुळे त्यांचं सगळं सुरळीत चालतं. रीडर सिगविनचा नव्हता, तो शुद्ध विंडोजचा. त्याला तो थर दिसतच नाही. त्याने हातातलं हँडल चाचपलं, पाइप निघाला, आणि तो गठ्ठा बांधत बसला.

'आर'चं गूढही यातच सुटलं. रीडर कळ वाचायला हातातलं हँडल वापरत नव्हता, थेट आपल्या कन्सोलच्या कीबोर्डला विचारत होता. अशा प्रोग्रामला अगदी कन्सोलशिवाय सोडायला नको म्हणून सिगविन एक अदृश्य कन्सोल जोडून देतो. रीडर त्या अदृश्य कन्सोलच्या कीबोर्डकडे कान लावून बसलेला, आणि अप्पा 'आर' दाबत होते पाइपात. दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं.

सगळ्यात महाग पडलेली गोष्ट तर वेगळीच. चार दिवस ऑपरेटर दर थोड्या वेळाने रीडर मारून नव्याने चालू करत होता. मारला की साठलेला गठ्ठा त्याच्यासोबत जायचा. त्या चार दिवसांची नोंद फाइलमध्ये नाहीच. ऑडिटला कोणत्या हीटची, म्हणजे भट्टीच्या कोणत्या खेपेची, केमिस्ट्री काय होती ते दाखवायला शेवटी पोराच्या चिठ्ठ्या कामी आल्या. अप्पांनी त्या खिळ्याला टोचून ठेवल्या होत्या.

कोणते पर्याय होते

जुना शॉर्टकट परत आणणं सगळ्यात सोपं. पण घरून पाहायची सोय जाणार, आणि मालकांना पुढचा पावसाळा दिसत होता. रिमोट डेस्कटॉप सुचवला, तर केबिनमधला पडदा तेवढा वेळ लॉक होतो. ते मेल्टिंगला चालणार नव्हतं.

युनिक्सवाल्याच्या हाताला येणारा पहिला उपाय म्हणजे स्टडीबफ, बफर, म्हणजे असा गठ्ठा साठवणं, बंद करणारी छोटी कमांड. मी ती लावून पाहिली. फरक शून्य. ती प्रोग्राम सुरू होताना आपली लायब्ररी आत घुसवून काम करते, आणि विंडोजच्या प्रोग्रामच्या बाबतीत तिला आत शिरायला दारच नाही. हेही मला माहीत असायला हवं होतं. घाईत हात सवयीने चालतो.

रीडर नव्याने लिहिणं हा खरा मोहाचा पर्याय. सिरियलवरून साधा मजकूर येतो, दोन दिवसांचं काम. पण ग्रेडच्या मर्यादा तपासणारं डोकं त्याच प्रोग्रामच्या आत होतं आणि तो बदलला की गिऱ्हाइकाची मान्यता पुन्हा घ्यायची. क्वालिटीच्या बाईंनी एका वाक्यात विषय संपवला: "सर, प्रोग्राम दोन दिवसांत होईल, कागद दोन महिन्यांत होणार नाहीत."

उरले दोन. एक विनपीटीवाय. तो स्वतः एक लपलेला खरा कन्सोल उघडतो, प्रोग्रामला त्यात बसवतो, त्या कन्सोलवर काय उमटलं ते पुन्हा पुन्हा वाचून आपल्या टर्मिनलवर आणतो आणि आपण दाबलेल्या कळा आत पोचवतो. हा विंडोज ७ वर चालतो, आणि केबिनमधला पीसी विंडोज ७ चाच होता. दुसरा, पीसीच बदलणं. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, मायक्रोसॉफ्टने स्यूडो कन्सोल दिला आणि २०१९ अखेरच्या सिगविन ३.१ पासून सिगविनने तो वापरायला सुरुवात केली. मग विंडोजच्या प्रोग्रामला खरा कन्सोल दिसतो आणि त्यावर उमटलेलं टर्मिनलला कळतं. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला होता, त्यामुळे पीसी तसाही बदलायचाच होता.

काय केलं

कारण कळलं त्याच संध्याकाळी जुना शॉर्टकट परत लावला. घरून दिसणं बंद, मेल्टिंग सुरू. हा निर्णय घ्यायला मी दीड दिवस लावला आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. बिघाड समजल्याशिवाय मागे जायचं नाही ही माझी हौस होती; भट्टीला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

पुढच्या साप्ताहिक सुट्टीत विनपीटीवाय लावून पाहिला. हाताने सुरू केला तर झकास: ओळ लगेच, 'आर' चालू. स्क्रिप्टमधून आपोआप सुरू केला की 'स्टँडर्ड इनपुट टर्मिनल नाही' म्हणून अडून बसायचा, कारण स्क्रिप्टला तिथे टर्मिनल नव्हतंच. टीमक्सच्या आतून सुरू केल्यावर तेही सुटलं. दिवाळीपर्यंत कारखाना यावर चालला.

दिवाळीच्या सुट्टीत नवा पीसी बसवला. विंडोज १०, सिगविन ३.२. विनपीटीवाय काढला. ओळी एकेक येऊ लागल्या. फाइल उघडून पाहिली तर मात्र तिच्यात आकड्यांच्या मध्ये कर्सर हलवायच्या खुणांचा कचरा, आणि ओळी ऐंशी अक्षरांवर मोडलेल्या. स्यूडो कन्सोल प्रोग्रामचं आउटपुट जसंच्या तसं पुढे देत नाही, आपल्या पडद्यावर काय दिसतंय त्याचं चित्र पाठवतो, हे तेव्हा नीट कळलं. पडदा ऐंशी रकान्यांचा तर चित्रही ऐंशीचं. रीडरचं आउटपुट पाइपने थेट फाइलकडे वळवायचा विचार आला आणि हसू आलं, कारण मग पुन्हा पाइप, पुन्हा बत्तीसचा गठ्ठा. शेवटी टीमक्सची रुंदी १६० ला कायम केली आणि खुणा गाळणारी एक ओळीची चाळणी मध्ये ठेवली. देखणं नाही. चालतं.

दुसरी अडचण, जी पहिलीच्या पोटात होती

तिसऱ्या आठवड्यात सकाळच्या पाळीला रीडर सुरूच होईना. 'कॉम ३ (सिरियल पोर्टचं नाव) उघडता येत नाही, परवानगी नाही.' विंडोजमध्ये सिरियल पोर्ट एका वेळी एकालाच उघडता येतो, म्हणजे कोणीतरी तो धरून बसलं होतं. पण डेस्कटॉपवर एकही खिडकी उघडी नव्हती.

कोणता प्रोग्राम काय धरून बसलाय ते दाखवणाऱ्या प्रोसेस एक्स्प्लोररमध्ये हँडल शोधायला गेलो तर तिथे 'कॉम ३' सापडतच नाही. डिव्हाइसचं आतलं नाव दिसतं. ते नाव डिव्हाइस मॅनेजरमधून काढून पुन्हा शोधलं, तर दुसरा रीडर सापडला, सेशन शून्यमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेवा चालतात त्या पडद्याआडच्या सत्रात.

आदल्या रात्री इन्चार्जनी कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून, घरून, एसएसएचने येऊन रीडर 'जरा रिस्टार्ट' केला होता. एसएसएचची सेवा विंडोजच्या सेशन शून्यमध्ये चालते आणि व्हिस्टापासून त्या सेशनला डेस्कटॉपवर खिडकी दाखवता येत नाही. त्यांनी सुरू केलेला रीडर तिकडे, न दिसणाऱ्या कन्सोलवर, पोर्ट घट्ट धरून इमानेइतबारे नमुने वाचत होता. घरचा लॅपटॉप मिटला तरी टीमक्सने सत्र जिवंत ठेवलं. तेवढ्यासाठीच तर टीमक्स आणला होता.

मग जुन्या व्यवस्थेत हे कधी का झालं नाही? रोज रात्री ऑपरेटर खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून घरी जायचा. खऱ्या कन्सोलची खिडकी बंद केली की विंडोज त्याला जोडलेल्या प्रत्येक प्रोसेसला बंद होण्याचा निरोप देतो. रीडर संपायचा, पोर्ट मोकळा व्हायचा. साफसफाईचं सगळं काम ती फुली करत होती आणि कोणत्याही स्क्रिप्टमध्ये त्याचा उल्लेख नव्हता. आम्ही खिडकी बदलली तेव्हा फुलीचा अर्थही बदलला. आता ती फक्त पाहणाऱ्याला दूर करते, पाहिलं जाणारं चालूच राहतं.

उपाय लहान होता. रीडर सुरू करायचा अधिकार एकाच स्क्रिप्टला. ती आधी ठरलेल्या नावाचं टीमक्स सत्र आहे का ते पाहते; असेल तर त्यालाच जोडून देते, नसेल तरच नवं बनवते. घरून येणाऱ्याला पाहता येतं, 'आर' दाबता येतं, पण नवा रीडर जन्माला घालता येत नाही. पाळी संपल्यावर बंद करायची वेगळी कमांड आहे. ती रीडर गेला का ते तपासते, आणि पोर्ट उघडून बंद करून तो खरंच मोकळा झाला का तेही पाहते.

निष्पत्ती

चिठ्ठी घेऊन पळणारा पोरगा आता मोल्डिंगला आहे. नमुन्याची ओळ स्पेक्ट्रोमीटरने निकाल दिला की लगेच केबिनमध्ये दिसते. चार दिवसांच्या हरवलेल्या नोंदींवर ऑडिटमध्ये एक शेरा आला, चिठ्ठ्या पाहून तो मिटला. मालकांना घरून पडदा दिसतो. रात्री अकरा वाजता ते 'सल्फर जास्त वाटतंय' असा फोन करतात, याबद्दल अप्पांचं मत छापण्याजोगं नाही.

आज करायचं झालं तर

पहिल्या दिवशी, स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी, लोंढ्यातल्या ओळी मोजेन. अप्पांच्या बोलण्यात 'एकदम बदाबदा' होतं. उशीर आणि तोटा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्यांनी नेमकी उशिराची केली होती.

जुना शॉर्टकट पहिल्या तासात परत लावेन आणि शोध नंतर घेईन.

नवं टर्मिनल लावण्याआधी त्यात चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामची एक यादी करेन: हा सिगविनचा की शुद्ध विंडोजचा, छापतो कुठे, कळ कुठून वाचतो, आणि याला बंद कोण करतं. शेवटचा रकाना आम्ही भरला असता तर सेशन शून्यचा प्रकार झाला नसता. कंत्राटदाराने ही यादी केली नाही हे खरं, पण त्याला कोणी सांगितलंही नव्हतं; 'पडदा घरी दिसू दे' एवढंच काम त्याच्या कागदावर होतं.

एका गोष्टीबद्दल अजून माझं ठरत नाही. पीसी बदलायचाच होता, तर सुट्टीपर्यंत थांबण्याऐवजी महिनाभर आधी का नाही बदलला? तेव्हा मला वाटलं, चालू हंगामात नवं विंडोज आणि नवं सिगविन एकदम आणलं तर बिघडल्यावर दोष कुणाचा ते कळणार नाही. विनपीटीवायवर काढलेल्या त्या आठवड्यांत दोनदा ओळी गळल्या, कारण लपलेल्या कन्सोलचा पडदा वाचून होण्याआधीच वर सरकला. दोन्ही वेळा अप्पांनी स्पेक्ट्रोमीटरच्या खोलीत जाऊन आकडे आणले. त्यांच्या मते थांबणं चूक होती. क्वालिटीच्या बाईंच्या मते बरोबर. चिठ्ठ्यांचा तो खिळा केबिनमध्ये अजून आहे, अप्पा काढू देत नाहीत.